डावीकडची मूठ

"कुठलीही वस्तू पुरेशी जवळून पाहिली, की ती सुंदरच असते," असं मी आमच्या कॉलेजच्या छायाचित्रण मंडळाच्या उद्घाटनात, टेबलावर दोन्ही तळवे टेकवून, गंभीरपणे म्हणालो. समोर मंडळाचे झाडून सगळे, म्हणजे चार सभासद बसले होते. त्यांतले दोघं चहासाठी आले होते. टाळी कुणीच वाजवली नाही. प्राचार्य धोटे माझ्याकडे झुकले आणि कानात म्हणाले, "बेहेरे, दातात कोथिंबीर अडकलीय."

मी जिभेनं कोथिंबीर शोधत होतो तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठल्या.

"सर, पुरेशी जवळून म्हणजे किती?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. "दोन-तीन इंच," मी म्हणालो.

"मग माझं काम होईल," असं म्हणून त्या खाली बसल्या.

त्या कुमुदिनी देवतळे. जूनपासून प्राणिशास्त्रात लागल्या होत्या, तात्पुरत्या. मी भौतिकशास्त्र शिकवायचो, कायमचा. मूळचा मी चिपळूणचा. नोकरी लागली ती यवतमाळ जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी. कॉलेजनं मला मागच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं होतं. एका खोलीत मी राहायचो, दुसरीत माझा कॅमेरा. त्याची खोली मोठी होती.

कॅमेरा जपानी, एकावर एक अशा दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यातून फिल्मनं. बघायचं तेही खाली मान घालून, कॅमेऱ्याच्या डोक्यावर दुधी काच असते तिच्यात. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मला तो मानवला त्याचं हे एक कारण. फिल्म मोठी, ग्लुकोजच्या बिस्किटाएवढा एकेक फोटो, आणि एका रोलात बारा. भिंगांच्या मागं चामड्याचा भाता होता. तो ताणला की भिंग वस्तूच्या पार नाकाशी जायचं आणि मोहरीचा दाणा कलिंगडासारखा दिसायचा. मी मिठाचे खडे काढले होते, आगकाडीचं गुल, दाढीच्या ब्लेडची धार, डासाचा गुडघा. माणसांचे फोटो काढणं मी सोडून दिलं होतं. माणसं हलतात.

आता एवढ्या जवळून काढायचं तर एक भानगड असते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन भिंगांमध्ये पाच सेंटिमीटरचं अंतर. डोंगराचा फोटो काढताना पाच सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. डोंगराला पत्ताही लागत नाही. पण तीन इंचांवरून वरचं भिंग मुंगीकडे बघत असतं तेव्हा खालचं भिंग मुंगीच्या खालच्या भिंतीकडे बघत असतं. आपण मुंगी जुळवतो आणि फोटोत येते भिंत. उपाय एकच. वरून नेम धरायचा, मग अख्खा कॅमेरा बरोबर पाच सेंटिमीटर वर उचलायचा, म्हणजे खालचं भिंग वरच्याच्या जागी येतं, आणि मग बटण दाबायचं. माझ्या स्टँडला डाव्या बाजूला त्यासाठी एक मूठ होती. ती फिरवली की मधला खांब वर सरकायचा. खांबावर मी दोन तांबड्या रेघा मारल्या होत्या. खालच्या रेघेवर बघायचं, वरच्या रेघेवर फोटो. रेघांसाठी नेलपॉलिश आणायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "ही घ्या, वहिनींना आवडेल." मी घेतली. दोन रेघा मारून झाल्यावर उरलेली बाटली वाळून गेली.

"बघा, उचला, दाबा," असं मी मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं. चौघा सभासदांपैकी कुणाकडेही असा कॅमेरा नव्हता.

देवतळे मॅडम दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी क्वार्टरवर आल्या. बरोबर प्रयोगशाळेतला गुलाबराव होता, कारण एकटं येणं बरं दिसलं नसतं. गुलाबराव बाहेर पायरीवर बसला आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली.

मी चहा केला. माझ्याकडे कप दोन होते, पण त्यांतला एक बरीच वर्षं रसायनं मोजायला वापरत होतो. तो तीनदा धुतला आणि त्यातला चहा स्वतःला घेतला. तरी गडबडीत ट्रे फिरला.

"चहाला कसला तरी वास येतोय, सर."

"हायपो. तो कप चुकून तुमच्याकडे आला. द्या इकडे."

"फोटोचं का? राहू दे," त्या म्हणाल्या आणि आणखी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "मी फॉर्मॅलिनच्या वासात डबा खाते. तेवढं चालतं."

मग त्यांनी पिशवीतून इंजेक्शनची एक बाटली काढली. तिच्यात पाणी, पाण्यात कपाशीच्या पानाचा देठ, आणि पानाच्या पोटावर केसासारख्या बारीक सात-आठ दांड्या. प्रत्येक दांडीच्या टोकाला खसखशीएवढं एक अंडं, हवेत अधांतरी.

"क्रायसोपा म्हणतात. हिरवा असतो, पंख जाळीदार. दिव्यावर येतो बघा. मावा खातो, म्हणून शेतकऱ्याचा मित्र. पोरांपुरतं एवढं पुरेसं आहे."

"आणि अंडी दांडीवर का?"

"जवळजवळ घातली तर पहिलं जे बाहेर येईल ते बाकीच्यांना खाऊन टाकेल. म्हणून आई प्रत्येकाला वेगळी दांडी करून देते. एकमेकांच्या जवळ, पण हात पोचणार नाही इतकं लांब."

मी म्हणालो, "आमची स्टाफ क्वार्टर्स तशीच आहेत."

त्या हसल्या. पायरीवरून गुलाबरावही हसला. त्याला काही ऐकू गेलं असेल असं नाही.

मॅडमचं म्हणणं असं होतं, की दांडीचा नेहमी उपयोग होतोच असं नाही. मागच्या वर्षी त्यांनी स्वतः पाहिलं होतं: एक पिल्लू आपली दांडी उतरून खाली आलं, पानावर क्षणभर घुटमळलं, आणि सरळ शेजारच्या दांडीवर चढून तिथलं अंडं फोडून प्यायलं. एकदाच पाहिलं होतं. हे त्यांनी प्रबंधात घातलं होतं, आणि त्यांचे मार्गदर्शक डॉक्टर काळमेघ म्हणाले होते, "दिसलं असेल तुम्हाला. मला दाखवा."

"सर दिवाळीनंतर रिटायर होताहेत," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी प्रबंध विद्यापीठात गेला तर गेला. गेला तर इथं पक्की होईन. नाही गेला तर चंद्रपूर."

"चंद्रपूरला काय आहे?"

"आईवडील. आणि एक बँकेतला मुलगा, तो सहा महिन्यांपासून उत्तराची वाट बघतोय." त्यांनी बाटली उजेडात धरली. "मुलगा चांगला आहे तसा. त्यानं मला विचारलं, किडे घरी आणाल का."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, ते आधीच असतात."

त्यानंतर रोज संध्याकाळी आमची तालीम चालायची. पिल्लू बाहेर यायचं ते सकाळी. पण त्याआधी उजेड, अंतर, भात्याचा ताण, सगळं बसवायला हवं होतं. भाता एवढा ताणला की फिल्मपर्यंत उजेड पोचतो तो सरकारी अनुदानासारखा, उशिरा आणि थोडा. अर्धा सेकंद तरी भिंग उघडं ठेवावं लागायचं, आणि अर्ध्या सेकंदात श्वासानंसुद्धा पान हलतं. मी लोखंडी चिमटा लावून पाहिला. मॅडमनी हात आडवा घातला.

"देठ चिरडेल. पान सुकलं की अंडी गेली. मी धरते."

"अर्धा सेकंद हलता कामा नये."

"धरून तर बघू दे."

त्यांनी कोपर माझ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवलं आणि अंगठा नि तर्जनीत देठ धरून पान उभं केलं. मी दुधी काचेत पाहिलं. अंडी भिंतीवर खिळे ठोकावेत तशी स्थिर होती. सूक्ष्मदर्शकाखाली डासाचं आतडं सोडवणारा हात होता तो. अंगठ्यावर, नखाच्या खाली, स्पिरिटच्या दिव्यानं भाजल्याची एक पांढरट रेघ होती. ती मला त्या वेळी माहीत होती असं नाही. मी वरच्या भिंगातून अंडी बघत होतो.

"सर, उचलायचं विसरलात तर?"

"बघा, उचला, दाबा. पंधरा वर्षं झाली. एकदाही विसरलेलो नाही."

"एकदाही?"

"हात आपोआप मुठीवर जातो. झोपेतसुद्धा जाईल."

त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपेतसुद्धा एकटेच कॅमेरा उचलत असाल," आणि मग आपणच ओशाळून पिशवी भरायला लागल्या. त्या गेल्यावर मी दोन्ही कप धुतले. हायपोचा वास एव्हाना दोन्ही कपांना यायला लागला होता.

स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली, ती सुरू होणारच होती. एकदा प्राचार्य धोट्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बेहेरे, तुम्ही आणि देवतळे मॅडम संध्याकाळी खिडक्या लावून, पंखा बंद करून काय करता?"

"किडा बाहेर यायची वाट बघतो, सर."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "पंखा का बंद?"

"हवेनं हलतं."

"काय हलतं?" असं विचारून त्यांनी लगेच हात वर केला. "राहू द्या. सांगू नका."

मग विद्यापीठाची समिती येणार म्हणून कॉलेजनं आवार स्वच्छ करायला घेतलं. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि कपाशीच्या प्रात्यक्षिक वाफ्यावर गुलाबरावाच्या हातून औषध फवारलं गेलं. मॅडम सकाळी वाफ्यावर गेल्या तेव्हा पानापानावर नुसत्या काळ्या पडलेल्या दांड्या होत्या.

"मले काय ठावं जी," गुलाबराव माझ्या दारात उभा राहून सांगत होता. "साहेब म्हनले किडे मारा, मी मारले. मॅडमचे किडे कोनते अन् दुसऱ्याचे कोनते, हे का त्याईच्यावर लिहून असते?"

वाफ्याच्या अगदी कडेला, पंपाचा फवारा पोचला नव्हता अशा एका झाडावर एक पान सापडलं. दोन अंडी. एक करडं पडत आलेलं, म्हणजे आजउद्या फुटणार. शेजारचं अजून हिरवट. हंगाम संपत आला होता. दिवाळी तोंडावर होती. पुन्हा मिळणार नव्हती.

"दोनच आहेत," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे निदान कोण कुणाला खाणार याचा घोळ नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उजाडताच गुलाबराव मॅडमना घेऊन आला आणि व्हरांड्यात स्टोव्ह पेटवून बसला. फवारणीचं त्याला लागलं होतं, त्यामुळे चहाची जबाबदारी त्यानं आपणहून घेतली होती. करडं अंडं पहाटेच फुटलं होतं. पिल्लू टरफलावर बसून होतं. लांबून तो धुळीचा कण वाटला असता. दुधी काचेत त्याला डोकं होतं, चिमट्यासारखे वळलेले जबडे होते आणि चेहऱ्यावर नुकत्याच नोकरीला लागलेल्या माणसाचा गोंधळ होता.

खिडकीतून ऊन आलं. मी दाढीचा आरसा टेकवून ते पानावर घेतलं. मॅडमनी देठ धरला, उजव्या हातात. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. दुसरी जागाच नव्हती. माझा डावा हात मुठीवर, उजव्यात बटणाची केबल. फिल्म पुढं सरकवायची कळही उजवीकडेच होती. पान, त्यांचा हात, कॅमेरा आणि माझं डोकं, हे सगळं मिळून एका ताटाएवढ्या जागेत होतं.

पिल्लू काही हलेना. घाई होती ती आम्हाला. नळीतून खाली बघितल्यासारखं मी काचेत बघत राहिलो.

"सर, काही बोला. हात जड व्हायला लागला."

"काय बोलू?"

"काहीही. चिपळूणला कोण असतं?"

"आई होती. आता घर असतं."

"आणि तुम्ही सुट्टीत जाता?"

"जातो. दार उघडतो, खिडक्या उघडतो. मग खिडक्या लावतो, दार लावतो आणि परत येतो."

त्या म्हणाल्या, "इथं मला लोक विचारतात, एवढ्या लांब एकट्या कशा राहता. तुम्हाला नाही विचारत?"

"पुरुषाला कुणी विचारत नाही. त्याला मेस कुठली लावली ते विचारतात."

"कुठली लावलीय?"

"मोदींची."

"तिथलं वरण फार पातळ असतं," त्या म्हणाल्या. आणि एकदम, "सर! निघालं!"

पिल्लू टरफल सोडून दांडीवरून खाली उतरायला लागलं होतं. ते डोकं खाली करून येत होतं, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखं. मॅडमचा उजवा हात मोकळा नव्हता. त्यांनी डाव्या हातानं, न बघता, जे हाताला लागलं ते धरलं. माझा शर्ट होता. डाव्या हाताची बाही, मनगटाच्या थोडी वर.

त्यांनी ती घट्ट धरून ठेवली.

पिल्लू पानावर आलं. घुटमळलं. मी बटण दाबलं, कळ फिरवली. ते उलटीकडे वळलं. काचेत डावंउजवं फिरलेलं दिसतं, त्यामुळे ते कुठं चाललंय हे उलटं करून समजून घ्यावं लागतं. ते शेजारच्या दांडीकडे चाललं होतं. दाबलं, फिरवली. ते दांडीच्या पायथ्याशी थांबलं, पुढचे पाय लावून पाहिले आणि चढायला लागलं. "चढतंय," मॅडम पुटपुटल्या. "बघा, चढतंय. मी म्हटलं होतं ना!" दाबलं, फिरवली. बाही धरलेली मूठ आवळत गेली. वरच्या अंड्याशी ते पोचलं. जबडे रुतले. हिरवं अंडं हळूहळू काचेसारखं रिकामं होत गेलं. मी पंधरा वर्षांत इतकं स्वच्छ काही पाहिलं नव्हतं. दाबत गेलो, फिरवत गेलो. बारावा झाल्यावर कळ नुसतीच फिरली.

"झालं?"

"झालं. रोल संपला."

मॅडमनी पान खाली ठेवलं. मग त्यांचं आपल्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. त्यांनी बाही सोडली. शर्टाला तिथं पाच चुण्या पडल्या होत्या.

गुलाबराव चहा घेऊन आत आला. "निंगाला काय मॅडमचा किडा?"

"निघाला, गुलाबराव!"

"अन् दुसरा?"

"त्याला यानं खाल्लं."

"अर्र," गुलाबराव म्हणाला. "शेजारीच होता न जी तो."

रोल मी त्याच दुपारी धुतला. ओली फिल्म दोरीला टांगली आणि उजेडात धरली. बराच वेळ धरून उभा राहिलो. मग बाहीच्या चुण्या झटकल्या, त्या गेल्या नाहीत, आणि बाराही फोटो छापायला घेतले. छापायची काही गरज नव्हती. पण मग दिवसाचं दुसरं करणार काय?

मंगळवारी मॅडम आल्या. त्या दिवशी गुलाबराव बरोबर नव्हता. त्या एकट्याच आल्या आणि दार त्यांनी उघडंच ठेवलं. मी फोटो टेबलावर तीन ओळींत मांडून ठेवले होते.

त्या वाकल्या. पहिल्या ओळीवरून नजर दुसरीवर गेली, दुसरीवरून तिसरीवर.

"हे काय आहे?"

मी शेवटची ओळ बोटानं सरळ केली.

त्यांनी एक फोटो उचलून जवळ धरला. मग आपला उजवा अंगठा त्याच्या शेजारी धरला. नखाखालची ती पांढरी रेघ फोटोत एखाद्या नदीसारखी आडवी गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या वळ्या, डोंगरउतारावरच्या वाफ्यांसारख्या, एकामागं एक. मधे देठाचा एक हिरवा, म्हणजे फोटोत करडा, तुकडा.

"हा माझा अंगठा."

"हो."

"बाराही?"

"बाराही."

पहिल्या फोटोत अंगठा सैल होता. तिसऱ्या-चौथ्यात जरा ताठला होता. सातव्यात नख पांढरं पडलं होतं, आणि शेवटच्या दोनात इतकं दाबलेलं होतं, की कातडीतून हाड पुढं यावं. नीट बघणाऱ्याला त्यात सगळी घटना होती. फक्त किडा नव्हता.

मॅडम खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, रडतील. दिवाळी नऊ दिवसांवर होती. पण त्या फोटोकडेच बघत होत्या, आणि चेहरा रडण्याचा नव्हता.

"सर, तुम्ही उचलायला कधीच विसरत नाही."

"नाही."

"मग?"

पंखा बंद होता. चालू करायला काही हरकत नव्हती. पानबिन काही नव्हतं. मी उठलो. भिंतीला माझा एक लहान फळा होता. खडू घेतला.

"याला पॅरलॅक्स म्हणतात," मी म्हणालो. "हे वरचं भिंग. हे खालचं. दोन्हींचे अक्ष समांतर." मी समांतर रेषा काढल्या, त्या मी फळ्यावर पट्टीशिवाय सरळ काढतो. "वस्तू अनंत अंतरावर असेल तर काही प्रश्न नाही. पण वस्तू जसजशी जवळ येते, तसतसा फरक वाढतो. तीन इंचांवर तो इतका वाढतो, की बघणारा बघतो एक, आणि फोटोत येतं दुसरंच. आता ते टाळायचं तर कॅमेरा वर सरकवावा लागतो. तो सरकवायचा राहिला. इतकंच."

त्या ऐकत होत्या, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारख्या. मधे एकदाही थांबवलं नाही. मी अंतरं टाकली, कोन दाखवले, बाण काढले. आकृती चांगली आली होती.

"एक शंका विचारू?"

"विचारा ना."

"उचलायची मूठ डावीकडे असते ना?"

"हो. डावीकडे."

त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं. शर्ट दुसरा होता, पण बाही तीच. मग माझ्याकडे पाहिलं. मला सवय खाली बघायची.

"मूठ डावीकडे असो की उजवीकडे," मी म्हणालो, "तत्त्वात काही फरक पडत नाही."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यांनी फोटो गोळा केले, कडा जुळवून त्यांचा नीट गठ्ठा केला आणि टेबलावर ठेवला. त्यातला वरचा एक पुन्हा उचलला. सातवा होता.

"हा मी नेऊ?"

"त्यात किडा नाही, मॅडम."

"माहीत आहे."

मी तो हातात घेऊन पाहिला. वरच्या कोपऱ्यात धुळीचा एक पांढरा ठिपका होता, आणि कागद घाईत धुतल्यामुळे कडेला पिवळसर छटा आली होती. असा फोटो मी कधी कुणाच्या हातात दिलेला नाही.

"हा खराब आलाय," मी म्हणालो. "नीट मोठा छापून देतो."

"असाच चालेल."

"नाही नाही. नीट करून देतो."

त्या थोडा वेळ दाराशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. चहा राहिलाच होता.

पिल्लानं शेजारचं अंडं खाल्ल्याचं चित्र त्यांनी आठवणीतून पेन्सिलीनं काढलं आणि प्रबंधात लावलं. डॉक्टर काळमेघांनी ते पान उलटलं, पुढचं उलटलं, आणि विचारलं, की समास सगळीकडे दीड इंच सोडलाय ना. सोडला होता. प्रबंध मंजूर झाला. त्या पानाबद्दल कुणी काही विचारलंच नाही. हे मला गुलाबरावानं सांगितलं. त्याला मॅडमनी पेढा देताना सांगितलं होतं. माझा पेढा त्यानंच कागदात बांधून आणला.

त्या पक्क्या झाल्या. ते वर्षभर आम्ही एकाच व्हरांड्यातून जायचो. "नमस्कार, सर." "नमस्कार, मॅडम." कधी जवळून गेल्या तर मी बाजूला व्हायचो. उन्हाळ्यात त्यांनी चंद्रपूरच्या एका कॉलेजात बदली करून घेतली आणि जूनमध्ये त्यांच्या लग्नाची पत्रिका आली, स्टाफच्या नावे, एकच. मी तोवर फोटो नीट छापत होतो. पहिला कागद जास्त काळा आला, दुसऱ्यात नखावरचा पांढरेपणा गेला, तिसऱ्यात पुन्हा धूळ. जो मनासारखा आला तो आला पावसाळा संपता संपता. तेव्हा पाठवायचा कुठल्या नावावर हे कळेना.

आता मी निवृत्त होऊन चिपळूणला असतो. खिडक्या उघडतो, खिडक्या लावतो. तो कॅमेरा माळ्यावर आहे. त्याचा रोल आमच्या गावात मिळत नाही. फोटो दोन फूट बाय दोन फुटांचा आहे. बाहेरच्या भिंतीला ओल येते म्हणून स्वयंपाकघरात लावलाय, फ्रिजच्या वर. कधीमधी कोणी येतं, पाणी मागतं, पाणी पितापिता वर बघतं आणि विचारतं, "हा बटाटा का?"

मी हो म्हणतो.